पोते आणि प्रीमियम

गोंदियाच्या राइस मिलवाल्याला कर्जावर धंदा करणे नवे नाही. कॅश क्रेडिटवर तो धान घेतो, व्याज भरतो. भाव पडला तरी गोदामात पोती उरतात. त्याच पेढीवरचा मुलगा आता मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन घेतो. तोटा प्रीमियमपुरताच, हे त्याचे म्हणणे खरे. पण मुदत संपताना तो प्रीमियम बहुधा शून्य होतो. ऑप्शन विकणाऱ्याला व फ्युचर्सवाल्याला तर मार्जिनपलीकडेही भरावे लागते. मार्जिन ट्रेडिंगमध्ये शेअर तरी उरतात, तेही तारण. व्याज मात्र सुटीच्या दिवशीही चढते.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार, फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत सरासरी सुमारे २ लाखांचा तोटा झाला, खर्चासह.

मिलवाल्याची खरी जोखीम धानाच्या भावाची. बिगर-बासमती धानाचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्येच स्थगित केले, आणि निफ्टी ती जोखीम झाकत नाही. त्यातून निफ्टीचा पैसा कॅश क्रेडिटमधून उचललेला असेल, तर स्टॉक स्टेटमेंटमध्ये धान कमी भरते, ड्रॉइंग पॉवर घटते आणि ऐन हंगामात खरेदीला पैसा उरत नाही.