अर्धी कळ

कॅमेऱ्याच्या माथ्यावर, उजव्या बाजूस, एक लहानशी कळ असते. वरवर पाहता ती एकच वाटते. पण तिच्या पोटात दोन पायऱ्या दडलेल्या असतात. बोटाने ती हलकेच, अर्धीच दाबली, की कॅमेरा जागा होतो, प्रकाशाचा अंदाज घेतो आणि भिंग पुढेमागे सरकवून समोरची वस्तू स्पष्ट करून घेतो. यालाच फोकस जुळवणे म्हणतात. त्यानंतर कळ पुरती दाबली, की शटर क्षणभर उघडते, मिटते आणि चित्र टिपले जाते. पहिली पायरी पाहण्याची, दुसरी टिपण्याची. घाईने एकदम कळ दाबणाऱ्याला पहिल्या पायरीचा पत्ताही लागत नाही.

मुलांनो, कॅमेऱ्याला फोकस जुळला हे कसे कळते, ठाऊक आहे? नाकासमोर एक बोट धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून त्याकडे पाहा. बोट जागचे हलत नाही, तरी ते डावीउजवीकडे उडी मारल्यासारखे दिसते. दोन डोळ्यांना दिसणारी दोन चित्रे थोडी वेगळी असतात. त्यांच्यातील फरकावरून वस्तू किती जवळ आहे हे आपल्याला उमगते. पुष्कळ कॅमेरे असेच करतात. भिंगाच्या दोन कडांतून आलेल्या प्रकाशाची दोन चित्रे ते ताडून पाहतात आणि ती नेमकी जुळेपर्यंत भिंग हलवतात. आपोआप फोकस जुळवणारा कॅमेरा १९७७ साली जपानमधील कोनिका कंपनीने प्रथम सर्वसामान्यांसाठी बाजारात आणला. आज ही विद्या साध्या मोबाइलमध्येही येऊन बसली आहे.

परंतु कळ दाबण्यासाठी बोट कॅमेऱ्यापाशी असावे लागते, आणि बोटामागे माणूस आलाच! रानातील जिवांना नेमका तोच नको असतो. म्हणून माणसाने कॅमेरा पुढे ठेवून स्वतः मागे सरण्याच्या नाना युक्त्या शोधल्या. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि वाटेत आडवे धागे ताणले. दौडणाऱ्या घोड्याने एकेक धागा तोडावा आणि एकेक कॅमेऱ्याचे शटर उघडावे, अशी ती योजना होती. दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्या चित्रांनी जगाला दाखवले. पुढे आपल्याच देशात, उत्तरेकडील जंगलांत, एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने वाघाच्या वाटेवर अशी तार लावली. रात्रीच्या अंधारात वाघाचा पाय तारेला लागे आणि तो स्वतःच स्वतःचे चित्र काढून निघून जाई. ही चित्रे असलेले त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. वाघाला बंदुकीच्या नळीतून पाहण्याचे ते दिवस होते. त्या काळात त्यांनी त्याला भिंगातून पाहिले.

धागा गेला, तार आली. मग तारही गेली. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसू यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत् लहरी भिंतीपलीकडे पाठवल्या, दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. मध्ये दोरी नाही, तार नाही. इकडे कळ दाबावी आणि तिकडे काम व्हावे! माझ्याजवळ जे बिनतारी यंत्र आहे, ते याच विद्येचे एक धाकटे अपत्य होय.

या यंत्राचे दोन भाग आहेत. एक माझ्या हातात राहतो. त्यावर कॅमेऱ्यासारखीच दोन पायऱ्यांची कळ असते. दुसरा कॅमेऱ्यावर बसतो आणि एका आखूड केबलने त्याला जोडला जातो. त्या केबलच्या पोटात तीन तारा असतात: एक फोकसची, एक शटरची आणि एक दोघींची सामाईक. मी कळ अर्धी दाबली, की सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलने घेणाऱ्या रेडिओलहरी निरोप घेऊन जातात आणि पलीकडचा भाग फोकसची तार सामाईक तारेशी जोडून देतो. पुरती दाबली, की शटरची तार जोडली जाते. माझ्या यंत्राचा पल्ला १०० मीटर असल्याचे त्याच्या खोक्यावर छापले आहे. दाट ओली पालवी मध्ये आली, की तो कमी होतो.

एका एप्रिल महिन्यात हे यंत्र घेऊन मी आमच्या गावच्या ओढ्यावर गेलो. सुट्टीसाठी आलेला माझा बारा वर्षांचा पुतण्या बरोबर होता. उन्हाळ्याने ओढा आटला होता. परंतु एका वळणावर डोह शिल्लक होता. डोहावर झुकलेल्या एका वाळक्या फांदीवर लहान खंड्या रोज येऊन बसे. पाठ निळी झळझळीत, पोट नारिंगी, आणि आकार चिमणीहून थोडासाच मोठा! फांदीपासून काही अंतरावर आम्ही तिपाईवर कॅमेरा उभा केला, त्यावर वाळके गवत पांघरले आणि आम्ही स्वतः पलीकडच्या काठावर, आबांच्या मळ्यातील आंब्याखाली जाऊन बसलो. आबा म्हणजे त्या मळ्याचे मालक. सत्तरी उलटलेली, पण नजर घारीसारखी.

लांबून फोकस जुळवणे वाटते तितके सोपे नसते. कॅमेऱ्याने कोठे पाहावे, ते आधीच ठरवून द्यावे लागते. आम्ही त्याची नजर फांदीवरील खंड्याच्या नेहमीच्या जागी लावली होती. पक्षी तेथे नसताना कळ दाबली, तर कॅमेरा बिचारा मागच्या लव्हाळ्यावरच फोकस जुळवील! हातातील यंत्रावर अर्ध्या कळेला हिरवा दिवा लागतो. पण निरोप गेला, एवढाच त्याचा अर्थ. नजर जुळली की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून माझ्या कॅमेऱ्याला, फोकस जुळल्यावाचून शटर उघडू नये, अशी सूचना मी देऊन ठेवली होती.

पहिल्या दिवशी खंड्या आला, सूर मारून मासा घेऊन वर आला, त्याने तो फांदीवर दोनदा आपटला आणि गिळून टाकला. आम्हांला सात चित्रे मिळाली. पुतण्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. "काका, उद्या पाण्यातून वर येतानाचा फोटो घ्यायचाच!" असे तो झोपेपर्यंत घोकत होता.

दुसऱ्या दिवशीही खंड्या आला. त्याने मासा पकडला, आपटला. पण गिळला नाही. तो चोचीत धरून तो तसाच बसून राहिला. मान खालीवर करी, कॅमेऱ्याच्या दिशेने पाही आणि पुन्हा बसून राही. मध्येच उडून गेला, डोहावर एक फेरी मारून तोच मासा घेऊन परत आला. अखेर तो ओढ्याच्या खालच्या अंगाला निघून गेला, तेव्हा आम्ही कॅमेरा आणून आंब्याखाली चित्रे पाहू लागलो.

"काका," पुतण्या म्हणाला, "कालच्या फोटोत माशाचं तोंड खंड्याच्या घशाकडे होतं. आज ते बाहेर कसं?"

मी दोन्ही चित्रे मोठी करून पाहिली. त्याचे म्हणणे खरे होते. आबा काठी टेकत जवळ आले, वाकून त्यांनी पाहिले आणि ते हसले.

"अरे पोरा, स्वतः खायचा मासा तो असा धरत नाही. हा दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा घास आहे. डोक्याकडून गेला तरच पिल्लाच्या घशातून सरळ उतरतो. शेपटीकडून गेला तर खवले अडतात. ह्याचं बीळ इथंच कुठंतरी काठात असणार."

कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर वेळही नोंदवून ठेवतो. मासा धरलेले पहिले चित्र ७ वाजून ४२ मिनिटांनी घेतलेले होते, शेवटचे ७ वाजून ५१ मिनिटांनी. नऊ मिनिटे! नऊ मिनिटे पिल्लांचा घास चोचीत अडला होता. आम्ही तेथे नव्हतो. पण आमचा कॅमेरा होता.

"पुन्हा एकदाच लावून पाहू या का?" पुतण्याने विचारले. त्याच्या स्वरात आशा होती. "कदाचित तो दुसऱ्याच कशाला तरी घाबरला असेल." ही शंका खोटी म्हणता येत नव्हती. आम्ही कॅमेरा मूळच्या जागेहून बराच मागे नेऊन लावला आणि यंत्र मी त्याच्याच हाती दिले.

थोड्याच वेळात खंड्या आला. त्याच्या चोचीत मासा होता आणि माशाचे तोंड बाहेर होते. पुतण्याने कळ अर्धी दाबली. हिरवा दिवा लागला. फांदीवरच्या पक्ष्याने मान उंचावली, कॅमेऱ्याकडे पाहिले आणि तो बसून राहिला. मी पुतण्याकडे पाहत होतो. त्याचे बोट कळेवर स्थिर होते. एवढे सुंदर चित्र त्याला पुन्हा मिळाले नसते. मग हळूच त्याने बोट उचलले. दिवा विझला.

"काका, कॅमेरा काढू या," तो म्हणाला.

खंड्या उडून जाताच आम्ही तिपाई उचलली, गवत विसकटून टाकले आणि आंब्याखाली परतलो. बराच वेळ काही घडले नाही. मग डोहावर एक निळी रेघ चमकली. खंड्या फांदीवर टेकला, मासा त्याने क्षणभर तोलला आणि समोरच्या काठावरील वेलींच्या आड सरळ घुसला. बाहेर आला, तेव्हा चोच रिकामी होती.

"गेला रे गेला, घास पोहोचला!" आबा म्हणाले.

अर्ध्या कळेवरून बोट मागे घेता येते, पुऱ्या कळेवरून नाही. म्हणूनच मला ती पहिली पायरी मोलाची वाटते. तेवढ्या अवधीत यंत्र आपला फोकस जुळवते. आपणही आपला जुळवून घ्यावा. त्या निळ्या रेघेचे चित्र आमच्यापाशी नाही. पण पुतण्याला विचाराल, तर वेलीचे कोणते पान हलले, तेही तो सांगेल.