बंद दुकानांचा हिशेब

नंदुरबारच्या माणिक चौकात हुतात्म्यांच्या स्मारकापाशी उभं राहिलं, की माझी नजर आधी आजूबाजूच्या दुकानांकडे जाते. गिऱ्हाईक अहिराणीत घासाघीस करतं, मालक मराठीत भाव सांगतो आणि आत वळून घरच्यांशी गुजरातीत बोलतो. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर मिरची वाळत पडली, की वारासुद्धा तिखट होतो. नाकाला रुमाल लावूनच सौदे होतात. उधारी, अडत, तोलाई यांत बुडालेलं हे गाव. इथे कुणी गोळीसमोर उभं राहील, असं त्याच्याकडे पाहून वाटत नाही.

९ सप्टेंबर १९४२. तेव्हा हे गाव पश्चिम खानदेशात होतं. तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात हुतात्मा झाले ते शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. शिरीषकुमार व्यापाऱ्याच्या घरातला, सोळावं सरायचं होतं. ही नावं सलग वाचताना मला तरी पेठेतली दारंच एकामागून एक दिसतात.

व्यापारी माणूस भित्रा, असं आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. जोखीम तो रोजच घेतो, फक्त मोजून घेतो. स्वातंत्र्य चळवळीत दुकानाला कुलूप लावणं हीही जोखीमच होती: त्या दिवसाचा गल्ला गेला, सरकारी रोष ओढवला. आणि हमालाची मजुरी? तीही बुडाली. स्मारकाच्या दगडावर तिला जागा नसते.

हा विसर आधीचाच. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्याच फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. तिथली बांबूची सजावट नंदलाल बोसांची, हे रास्तच सांगितलं जातं. बांबू चिरणारे, गाठी आवळणारे मात्र निनावीच राहिले.

पुढे १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. पैसा इंग्रज राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या लढ्यासाठी हवा होता. ती लूट करणाऱ्या जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. उत्तमराव पाटील यांची नावं खानदेशाला ठाऊक आहेत. मी मात्र खजिन्याची मोटार हाकणाऱ्या माणसापाशी अडतो. दुकानदाराला निदान कुलूप लावायचं की नाही, एवढं तरी ठरवता येत होतं. याला त्या दिवशी फक्त नंदुरबार गाठायचं होतं.