शिंपल्यांतलं तांबं

मावळातल्या नदीतले शिंपले खाऊ नका, असं मी एकदा भरसभेत सांगितलं होतं. तसं सांगण्याएवढा पुरावा माझ्याकडे नव्हता. आठवडी बाजारात शिंपले विकणाऱ्या एका कातकरी वस्तीचं गिऱ्हाईक त्यामुळे तुटलं.

मी प्राणिशास्त्र शिकवायचो. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी मळवली, कामशेतवरून पुढे जाते. उन्हाळ्यात तिचे डोह उथळ झाले की कातकरी बायका पायाने गाळ चाचपून शिंपले काढतात. शास्त्रात या शिंपल्यांना लॅमेलिडेन्स म्हणतात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आम्ही तेच शिंपले आणि त्यांच्याभोवतीचा गाळ तपासून घेतला. तांबं, क्रोमियम, निकेल, मँगनीज, सगळेच आकडे मोठे आले. पुस्तकातल्या कोष्टकात शेल या गाळखडकातल्या तांब्याची जागतिक सरासरी किलोमागे 45 मिलिग्रॅम दिलेली होती. आमचा गाळ तिच्या कितीतरी पुढे होता. नदी धातूंनी नासली आहे, असं मी धरून चाललो.

पण मावळ उभा आहे तो काळ्या पाषाणावर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक, आणि त्यात तांबं मुळातच किलोमागे 100 ते 200 मिलिग्रॅमच्या घरात असतं. नदीतला गाळ म्हणजे त्याच खडकाची झीज. तुलना करायची होती ती उगमाजवळच्या, लोकवस्तीच्या वरच्या गाळाशी. मी ती जगाच्या सरासरीशी केली. या डोंगरांत वाढलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं.

प्रयोगशाळेतही चुकलोच. गाळ आम्ही तीव्र आम्लात विरघळवला. खनिजाच्या कणात घट्ट अडकलेलं क्रोमियम आणि निकेलही त्यामुळे बाहेर आलं. शिंपल्याच्या पोटात तेवढी ताकद नसते, त्याच्या अंगी लागतो तो सुटा, विरघळणारा धातू. शिंपले स्वच्छ पाण्यात एक-दोन दिवस ठेवून त्यांचं पोट रिकामं होऊ द्यायचं असतं, तेही केलं नाही. त्यांच्या आतड्यातला चिखल आम्ही मांसासकट वाटला आणि तो आकडा मांसाचा म्हणून लिहिला. मँगनीजचं तर वेगळंच. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांच्या कल्ल्यांत कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण असतात आणि मँगनीज त्यांत साठत जातं. ती त्यांच्या शरीराची रीतच आहे.

हे उमगलं ते समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांबद्दल वाचताना. 1977 साली गॅलापागोसजवळ, सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, ‘आल्विन’ पाणबुडीतल्या संशोधकांना अशा झऱ्यांभोवती शिंपल्यांची दाटी दिसली. अशा झऱ्यांतून वर येणाऱ्या पाण्यात तांबं, जस्त, लोह, कॅडमियम असतं, आणि तिथले बॅथिमोडिओलस शिंपले त्यातच जगतात. त्यांच्या शरीरातलं, गंधकाने समृद्ध असलेलं मेटॅलोथायोनिन हे प्रथिन धातूला बांधून ठेवतं. पाण्यातला बराचसा धातूही गंधकाशी जखडलेला असल्याने सहज अंगात शिरत नाही. आपल्या हिंदी महासागरातल्या अशाच झऱ्यांवरच्या एका गोगलगाईच्या पायावर तर लोहाच्या सल्फाइडचे खवले असतात. धातू अंगात सापडला की प्राणी विषारी झाला, हे माझं गणित तिथे मोडलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. धातू खडकातलाच आहे, काळजी नको, असं एका व्याख्यानात सांगून टाकलं. तेही चूक होतं. झऱ्याजवळच्या शिंपल्यांच्या पेशींवरही धातूंचा ताण दिसतो, तो निवारण्यात त्यांची शक्ती खर्च होते. शिवाय शिंपला ज्या धातूला बांधून स्वतः तगतो, तो धातू खाणाऱ्याच्या पोटात जातोच. कॅडमियम खडकातून आलं म्हणून माणसाच्या मूत्रपिंडाला सोडत नाही. आणि लोणावळ्याच्या खाली नदीत मिसळणारं सांडपाणी तर खडकातून आलेलं नाही. त्या व्याख्यानात मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

उशिराच, पण कातकरी वस्तीवर गेलो. माझं सांगणं घाईचं होतं, हे तिथल्या एका मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “सर, आम्हाला सांगून काय? बाजारात सांगा. तिथं कोण टोपलीला हात लावत नाय.”

मग बाजारात जाऊन सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं, विकत मात्र कुणीच घेतलं नाही. भीती माझ्या एका भाषणाने बसली होती आणि ती काढायला माझ्याजवळ अजून नीट आकडे नव्हते. आता नमुने कुरवंड्यापासूनच घ्यायचे ठरवले आहेत. लोकवस्तीच्या वरचे आणि खालचे, सारख्या आकाराचे शिंपले, पोट रिकामं करून, गाळ सौम्य आम्लात. शिंपले कुठून काढायचे, हे या वेळी मावशीच दाखवणार आहेत. तोवर कुणी विचारलं तर एवढंच सांगतो: गावाच्या सांडपाण्याखालचे शिंपले टाळा, वरच्या डोहातले खायचे तर जंतूंसाठी चांगले उकळून खा.