परीक्षेला बसतेय, हसू नकोस

सांगली, रविवार

प्रिय बाईसाहेब,

मागच्या फोनवर तू विचारलंस, "निवृत्तीनंतर दिवसभर करतेस काय?" आणि मी "चाललंय वाचन" म्हणून विषय बदलला. वाचन चाललंय हे खरं आहे, पण ते कादंबऱ्यांचं नाही. टेबलावर ओहमचा नियम, कपॅसिटर, सुपरहेटरोडाइन रिसीव्हर आणि अँटेना असा सगळा पसारा आहे. मी हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याच्या परीक्षेला बसतेय. आता पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची. श्रेणी दोन, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींत एक भाग रेडिओच्या तंत्राचा आणि दुसरा नियमांचा. जनरलवाल्यांना वर मोर्सही, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं. रिस्ट्रिक्टेडवाल्याचं कॉलसाइन (म्हणजे रेडिओवरचं नाव) 'व्हीयू३'नं सुरू होतं, जनरलवाल्याचं 'व्हीयू२'नं. मी आधी रिस्ट्रिक्टेडच देणार आहे. मोर्सचं मनात आहे, स्वयंपाक करताना दा-दी-दा-दी, दा-दा-दी-दा असं पुटपुटत असते (म्हणजे 'सी क्यू', कुणी आहे का तिकडे?), आणि घरातले माझ्याकडे काळजीनं बघतात.

परीक्षेला किमान वय १२ लागतं. म्हणून शिकवणीत माझ्या शेजारी सातवीतला एक मुलगा बसतो. सर निवृत्त वायरलेसवाले आहेत. शर्टाच्या खिशातून रेझिस्टर काढून समोर धरायची त्यांना सवय आहे. परवा माझ्यासमोर धरला. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, तिच्यावर केसाएवढे पट्टे. मी चष्मा पुसून "पिवळा, जांभळा..." म्हणेपर्यंत शेजारून आवाज आला, "फोर पॉइंट सेव्हन के!" पिवळा म्हणजे चार, जांभळा सात, तांबड्याचा अर्थ पुढे दोन शून्यं, झाले ४,७०० ओहम. पोराला हे पाढ्यांसारखं पाठ आहे. मग मीही हट्टाला पेटले. आता दुकानात साड्यांचे काठ बघितले तरी मनात आकडे सुरू होतात.

पण अगं, मला खरी गोडी लागली ती पुढच्या धड्याला. हॉस्टेलमधला आपला ट्रान्झिस्टर आठवतो? दिवसा मीडियम वेव्हवर जवळपासची दोन-चार स्टेशनं, आणि रात्री जेवणानंतर काटा फिरवला की कुठकुठल्या भाषा ऐकू यायच्या. तू म्हणायचीस, रात्री हवा थंड असते म्हणून. हवेचा काही संबंध नाही, बाई. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवर आयनोस्फिअरचा 'डी' थर असतो. दिवसा उन्हामुळे तो तयार होतो आणि मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथून वळून शेकडो किलोमीटर पलीकडे जमिनीवर उतरतात. इतकी वर्षं मी हे ऐकत होते आणि त्याचं कारण मला आत्ता कळलं. आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्या, पण बरोबर उत्तर कानांनी ऐकून पडताळता येतं अशी ही पहिलीच. कोष्टकातली सूत्रंसुद्धा मला त्यामुळे जड जात नाहीत.

त्यातलं सगळ्यात सोपं सूत्र सांगते. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झची लहर साधारण ४२ मीटर. डायपोल अँटेना त्याच्या अर्धी, तीही तारेत जरा कमी भरते, म्हणजे वीस मीटर. आमची गच्ची मी पावलांनी मोजून आले; कोनातून ताणली तर तार बसते. सोसायटीच्या अध्यक्षांना विचारलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "त्यावर कपडे वाळत घालता येतील का?" दुसरा रेडिएशनचा. जुन्या पिवळ्या बल्बाएवढे पन्नास वॉट, त्याहून जास्त मला परवानगीच नाही, असं सांगितल्यावर ते जरा विरघळले. पण अर्ज लेखी हवाय.

हेच सूत्र मी एके दिवशी उलटं वापरलं. १९४२ च्या 'काँग्रेस रेडिओ'बद्दल आपण शाळेत दोन ओळी शिकलो होतो. २७ ऑगस्टला मुंबईतून तो सुरू झाला, तेव्हा तो चालवणाऱ्या उषा मेहता २२ वर्षांच्या होत्या. तंत्राची बाजू नरिमन प्रिंटर यांच्याकडे होती. पोलिसांना माग लागू नये म्हणून केंद्राची जागा सतत बदलावी लागे. १२ नोव्हेंबरला धाड पडली आणि उषाबेनना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. तर हे केंद्र बोलायचं ४२.३४ मीटरवर. मी भागाकार केला: ७.०८५ मेगाहर्ट्झ. आपल्याकडे हॅम मंडळींना आज जो पट्टा आहे, ७.० ते ७.२, त्याच्या ऐन पोटात! अंगावर काटा आला गं. माझी तार गच्चीवर चढली की मी त्याच जागी बोलणार.

गंमत अशी, की परीक्षेच्या दुसऱ्या भागातल्या नियमांप्रमाणे त्या केंद्राचा प्रत्येक शब्द गुन्हा ठरतो. आपलं कॉलसाइन सांगायचंच. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, राजकीय प्रचार नाही. आणि जे चालतं ते उघड, कुणीही ऐकावं असं. पुष्कळांना हा भाग रटाळ वाटतो. मला तो पहिल्याइतकाच आवडतो. हवा सगळ्यांची आहे, म्हणून तिच्यात शिरताना आधी आपलं नाव सांगायचं, एवढंच त्यातलं मर्म. ते नाव सांगायची रीतसुद्धा ठरलेली. बँकेत जन्मभर फोनवर "एस फॉर सांगली, के फॉर कोल्हापूर" करत आले. आता 'सिएरा' आणि 'किलो' म्हणायचं. जिभेला वळण लावणं ओहमच्या नियमापेक्षा अवघड आहे.

तू म्हणशील, व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तुझे फोन आम्हाला लागत नव्हते, आठवतंय ना? टॉवरला वीज हवी, केबल शाबूत हवी, मधली यंत्रणा हवी. हॅमला एक गाडीची बॅटरी, एक रेडिओ आणि तार पुरते. २००४ च्या त्सुनामीच्या दिवशी भारती प्रसाद (कॉलसाइन व्हीयू२आरबीआय) पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. हौशी प्रसारणासाठी त्यांची तुकडी अंदमानात गेलेली, आणि लाट आल्यावर त्याच रेडिओवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळू लागली. असा प्रसंग माझ्यावर न येवो. आणि खरं सांगू, मी पुरासाठी शिकत नाहीये. मला रात्री काटा फिरवून कुणीतरी अनोळखी माणूस भेटावा असं वाटतं, आणि या वेळी त्याला उत्तरही देता यावं.

आता तुझ्याकडे वळते. तुमच्या न्यू जर्सीत हे आमच्यापेक्षा सोपं आहे. टेक्निशियन परीक्षेत ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. सगळा प्रश्नसंच आधीपासून खुला असतो, आणि मोर्सची अट तिकडे २००७ मध्येच गेली. त्या परवान्यावर तुला २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झमध्ये बोलता येतं, आणि तो पट्टा माझ्या रिस्ट्रिक्टेडमध्येही आहे. अडचण एकच. सूर्यावर डाग भरपूर असले तरच हा पट्टा दूरवर नीट चालतो. त्यांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं, आणि या खेपेचं शिखर २०२४ च्या आसपास होऊन गेलंय. उतार पुरता लागला की पुढच्या चढाची वाट बघत बसावं लागेल, आणि तोवर आपण दोघी सत्तरीला टेकू. तेव्हा 'बघू', 'नंतर' असलं काही कळवू नकोस. या महिन्यात नाव नोंदव आणि परीक्षेची तारीख मला कळव.

तुझीच,
अजून कॉलसाइन नसलेली मैत्रीण