आधी काय, मग काय?

परवा संध्याकाळची गोष्ट. आमची नात ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. तिकडून पनवेल गाडी थेट मिळाली, की वाटेत खांदेश्वरला उतरायचं, आजीच्या हातचा चहा प्यायचा आणि मग घरी जायचं, असा तिचा शिरस्ता. पण परवा चहा निवून गेला तरी बाईसाहेबांचं डोकं लॅपटॉपमध्येच!

"काय बिघडलंय गं एवढं?"

"बिल्ड होत नाहीये आजी. कुणीतरी चक्र करून ठेवलंय."

आता मी पडले मराठी माध्यमातली बी.ए. जन्म गेला मुलांना मराठी आणि इतिहास शिकवण्यात. पण शिक्षकाला न समजलेलं समजून घेतल्याशिवाय झोप येत नाही. म्हटलं, मला सांग. (तुमच्यापैकी जे संगणकवाले आहेत त्यांनी आता हसू नये, चुकलं तर सांभाळून घ्यावं.)

तर ते असं. मोठा प्रोग्रॅम एका फाईलमध्ये नसतो, शेकडो-हजारो फाईलींत विखुरलेला असतो. ही तयार झाल्याशिवाय ती करता येत नाही, ती झाल्याशिवाय तिसरी नाही. हा सगळा क्रम माणसाने डोक्यात ठेवायचा म्हटलं तर चुकणारच. बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन नावाच्या माणसाने यावर 'मेक' नावाचं साधन लिहिलं. कारणही मोठं घरगुती! त्यांचा एक सहकारी अख्खी सकाळ एक चूक शोधत बसला होता. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाईल पुन्हा तयार करायची राहिली होती, आणि प्रोग्रॅम जुन्याच मालावर चालला होता. पीठ नवं दळून आणायचं आणि डब्यातलं जुनंच मळायचं, तसं. या मेकमध्ये काही ओळी टॅबची कळ दाबूनच सुरू कराव्या लागतात, नुसती मोकळी जागा सोडून चालत नाही. फेल्डमनना ते पुढे बदलावंसं वाटलं होतं, पण तोवर दहा-बारा लोक ते वापरायला लागले होते, त्यांना त्रास नको म्हणून ठेवलं. पन्नास वर्षं होत आली, जगभरची पोरं अजून त्या टॅबवर अडखळतात म्हणे!

मेकला तुम्ही क्रम सांगायचाच नसतो. फक्त जोड्या सांगायच्या. याच्या आधी ते हवं, त्याच्या आधी हे. क्रम ते स्वतः लावतं.

"म्हणजे फराळ," मी म्हटलं. आणि मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजायला हवेत, मग वाळवणं, कुटणं, गूळ घालून पीठ मुरवणं, आणि मग तळणं. चकलीची भाजणी भाजल्याशिवाय गिरणीत नेता येत नाही. करंजीचं सारण गार झाल्याशिवाय भरता येत नाही. चिवड्याच्या पोह्यांना आधी ऊन दाखवायचं. शंकरपाळ्यांचं मात्र कुणाशी काही देणंघेणं नाही. सगळे बाण काढून झाले. नात म्हणाली, "आता ज्याच्याकडे एकही बाण येत नाही ते शोध." तांदूळ, भाजणी, पोहे, सारण, शंकरपाळे. "यातलं कुठलंही एक उचल, कागदावर लिही, आणि त्याच्याकडून निघणारे बाण पुसून टाक. मग पुन्हा शोध." असं करत करत सगळा फराळ ओळीत आला की! ही रीत १९६२ साली आर्थर कान यांनी छापली. आणि बाण शिल्लक आहेत पण मोकळं काहीच सापडत नाही, असं झालं की समजायचं, चक्र आहे. आमच्या नातीचं तेच झालं होतं.

चक्र तर मला चांगलंच ठाऊक. माझ्या पेन्शनच्या वेळी एक कचेरी म्हणे त्या कचेरीचा दाखला आणा, आणि ती म्हणे आधी त्यांचा आणा. दोन महिने चपला झिजवल्या. शेवटी एका भल्या कारकुनाने एक दाखला न बघताच सही केली. नात म्हणाली, काही साधनं चक्र दाखवून थांबतात, मेक मात्र एक दुवा सोडून देतं आणि पुढे जातं. म्हणजे त्या कारकुनासारखंच.

असो. मी विचारलं, "हे पाच मोकळे होते, त्यातलं आधी कुठलं घ्यायचं ते कोण ठरवतं?"

"काही नियम नाही. सगळेच क्रम बरोबर. मेक साधारण जे आधी लिहिलंय ते आधी घेतं."

ती लॅपटॉपकडे वळली. मी मात्र तिथेच अडकले.

आमचे अण्णा १९९१ साली गेले. त्यांच्या ट्रंकेत एक डायरी होती, शेवटच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात यादी. भाऊचा डिप्लोमा. घराची कौलं. ताईचं लग्न. ताईचं एम.ए. पहिल्या तिन्हींवर बरोबरची खूण. चौथ्यावर नाही, पण खोडलेलंही नाही.

मी बी.ए. झाले १९७३ साली. ७२च्या दुष्काळानंतरची महागाई, अण्णांचा एकट्याचा कारकुनाचा पगार. मुंबईला राहून एम.ए. करायचं तर खर्च होताच. "आधी भाऊचं होऊ दे," अण्णा म्हणाले. मला ते तांदूळ भिजवण्याइतकं खरं वाटलं. मग मला शाळेत नोकरी लागली. भाऊच्या शेवटच्या वर्षाची फी माझ्या पगारातून गेली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

तो कागद उलटा करून त्यावर अण्णांची यादी लिहिली. नातीने पाहिली. "आजी, यात बाण कुठेयत?"

बघू लागले. कौलांना पावसाच्या आधी बसायचं होतं, तो एक खरा. बाकी? डिप्लोम्याचा एम.ए.कडे जाणारा बाण मला काही काढता येईना. "चूल एकच होती गं," मी म्हटलं. ती काही बोलली नाही. चूल एकच असली तरी पहिलं पातेलं कुठलं चढवायचं, ते चूल थोडीच ठरवते!

अण्णांवर राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आहे असं लिहिलं तर तेही पुरतं खरं नाही. चौथी ओळ त्यांनी खोडली नाही, ती कितीदा तरी मी बोटाने चाचपली आहे. पण पन्नास वर्षं मी स्वतःला सांगत आले, की इलाज नव्हता. इलाज होते. दोन-तीन क्रम तरी बरोबर आले असते.

रात्री पुण्याला भाऊला फोन केला. हे इथे लिहिणार आहे, तू वाचशील, म्हणून आधी सांगते, म्हटलं. फीचंही सांगितलं. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.

"ताई, फी तुझी होती हे मला अण्णांनी कधी सांगितलंच नाही."

"मी तरी कुठे सांगितलं?"

पुन्हा शांतता. मग म्हणाला, "अनारशाचे तांदूळ घातलेस का भिजत?"

"कालच घातले," मी म्हटलं.