सुट्टी बॉसची, वेळ चंद्राची!

यवतमाळच्या माणसाला पाणी म्हटलं की धरण आठवतं, नाहीतर टँकर. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब! त्यामुळे ऑफिसच्या ग्रुपवर ‘हरिहरेश्वरला गाइडसोबत किनाऱ्याची भटकंती’ झळकल्यावर पहिला हात माझा. फोनवर आईचा प्रश्न, ‘‘काऊन रे, पाणी पाहाले कोणी इतक्या दूर जाते?’’

पण हे वाळूत बसून भेळ खाणं नव्हे, मंडळी. देवळामागून टेकडी चढायची, कातळातल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या उतरायच्या, की एकदम समुद्राच्या पुढ्यात! एका बाजूला लाटा, दुसरीकडे वारा-पाण्याने कोरून मधाच्या पोळ्यासारखे झालेले कडे. हिवाळ्यात या किनाऱ्यावर कुरव पक्षी येतात. त्यातले तपकिरी डोक्याचे थेट लडाख-तिबेटकडचे, म्हणजे माझ्याहून लांबचे पाहुणे!

गाइडकाकांचा पहिला प्रश्न मात्र भलताच, ‘‘आज तिथी कोणती?’’ आमच्या घरी तिथी बघायची ती चतुर्थीच्या उपासासाठी. इथे ती जिवासाठी बघतात.

काकांचा हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. आम्ही गेलो तो दिवस अष्टमीचा. आठ पाऊणे सहा! म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. प्रदक्षिणेची वाट मोकळी.

पौर्णिमा-अमावास्येला सगळं उलटं. भरती बाराच्या आसपास, तीही उधाणाची. आणि आपले लाँग वीकएण्ड कधी? होळी, बुद्धपौर्णिमा, रक्षाबंधन, दिवाळी... नेमके त्याच दिवसांच्या आगेमागे! पहाटे निघायचं, वाटेत मिसळ हाणायची आणि बरोबर बाराला पोचायचं. तेव्हा ही वाट लाटांच्या ताब्यात असते. इथे लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. पाटी असते, पण सेल्फीच्या नादात वाचतो कोण?

तेव्हा आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, मग हॉटेल बुक करा. पावसाळ्यात तर ही वाट नकोच. आणि गावातला माणूस ‘आता फिरा’ म्हणाला की फिरा, फोटो राहिला तरी चालेल.

माझा पुढचा बेत वेंगुर्ला रॉक्सचा. त्या बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात. ती बेटं बोटीतून, लांबूनच बघायची. तारीख? रजेचा अर्ज टाकण्याआधी आईला फोन करून तिथी विचारणार आहे.