दहा खिळ्यांचं नाव

पुस्तक अप्पा बळवंत चौकातून आणलं, जुनं. वेबसाइट बनवायला शिकवणारं, अगदी नवशिक्यांसाठीचं. आधीच्या मालकानं त्यात पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. टॅग, हेडिंग, लिंक, सगळीकडे रेघा. फंक्शनचं प्रकरण सुरू झालं आणि तिसऱ्या पानावर त्या थांबल्या. पुढची पानं कोरी करकरीत. बिचारा तिथेच गळाला असणार. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे फार उत्साहवर्धक नव्हतं.

लेखक मात्र दर दोन पानांनी पाठीवरून हात फिरवतो. घाबरू नका, जमेल. (मला आणखी धास्ती वाटते. दंतवैद्यही असंच बोलतो.) पण त्याचं एक म्हणणं पटलं: वाचू नका, टाइप करा. वाचताना सगळं कळतं. टाइप करायला बसलं की तिरकी रेघ राहते, आणि हेडिंग बंदच न झाल्यामुळे खालचा सगळा मजकूर ढब्ब्या अक्षरांत उभा राहतो.

त्या टॅगांना मार्कअप म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी 1991 च्या सुमारास वेबसाठी या टॅगांची भाषा आणली, पण शब्द छापखान्यातला. हस्तलिखिताच्या समासात संपादक खुणा करायचा, हे ठळक, हे मधोमध. जुळाऱ्यानं त्या बघून अक्षरांचे खिळे लावायचे. माझे बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. म्हणजे आयुष्यभर ते ब्राउझरचंच काम करत होते!

मराठी लिहिलं तेव्हा पहिल्यांदा नुसता कचरा दिसला. अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-8, सांगणारी ओळ मी गाळली होती. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर या पद्धतीचा आराखडा मांडला. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ती ओळ घातली आणि कचऱ्याची अक्षरं झाली.

मग जावास्क्रिप्ट. शब्दाची लांबी मोजायला पुस्तकानं 'हॅलो' दिला होता, इंग्रजीतला. उत्तर पाच, कुणाची तक्रार नाही. मी बाबांचं नाव दिलं, ज्ञानेश्वर. उत्तर आलं दहा.

तीनदा चालवून बघितलं. दहाच. पुस्तकात यावर अवाक्षर नाही. लेखकाला जोडाक्षराशी कधी झुंजावंच लागलं नसावं. शेवटी उठून बाहेरच्या खोलीत गेले.

"बाबा, तुमच्या नावात अक्षरं किती?"

"चार."

"आणि खिळे?"

चौऱ्याऐंशी वर्षांचे बाबा सरळ होऊन बसले. उजव्या हाताची बोटं हवेत खिळ्यांच्या केसमधली घरं शोधू लागली. "ज्ञ अख्खा. काना. न. त्याच्यावर मात्रा. अर्धा श. व. र. सात."

यंत्राला ज्ञ अख्खा मिळत नाही, म्हणून ते ज, हलन्त आणि ञ असे तीन खिळे उचलतं. श्वसाठीही तीन: श, हलन्त, व. हे सांगितल्यावर ते खुशीत हसले. "म्हणजे अर्धा श ठेवलेलाच नाही? पाय मोडून काम भागवतात! कंजूष मालक दिसतोय."

त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. त्यांनीच सांगितलेल्या आठवणींचं मी पान केलं होतं. रंग, समास, खाली तारीख, सगळं जागच्या जागी. ब्राउझरनं हूं की चूं केलं नव्हतं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला जवळजवळ नाक लावलं.

"प्रूफ कुणी वाचलं?"

"मीच."

"मुंबईवरचा अनुस्वार पडलाय. हेडिंगमध्ये." नखानं त्यांनी काचेवर जागा दाखवली. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "पेन्सिल दे."

काचेवर कुठे लिहिणार? शेजारी पुस्तक उघडंच होतं, फंक्शनच्या प्रकरणावर. त्याच्या कोऱ्या समासात त्यांनी नीट, उभी खूण केली आणि वर एक टिंब दिलं.